डिझाइनरला यंत्र झाल्यावर बोलवायचे की आधी?

नमस्कार. जालन्याजवळ ट्रॅक्टरची पेरणी यंत्रे आणि कोळपणीची अवजारे बनवणाऱ्या एका घरच्या कारखान्यातून हा प्रश्न आला आहे. थोडक्यात तो असा आहे. गेल्या काही वर्षांत त्यांनी तीन नवी मॉडेल्स काढली. एकात फण (जमिनीत तास पाडणारे दाते) वाढवले, एकात खताची पेटी मोठी केली, एकाला नवा रंग आणि नवे स्टिकर दिले. प्रत्येक वेळी पुढच्या हंगामापर्यंत तसेच यंत्र शेजारच्या तालुक्यात तयार झाले आणि शेवटी भाव पाडूनच माल काढावा लागला. आता पुण्याहून शिकून आलेला पुतण्या म्हणतो की डिझाइनर नेमला पाहिजे. काका म्हणतात की संगणकावर ड्रॉइंग काढणारा मुलगा आपल्याकडे आहेच, मग आणखी एक पगार कशाला. कंपनीत काही नवे घडण्यात डिझाइनचा खरोखर वाटा असतो, की तो यंत्र तयार झाल्यावर करायचा सजावटीचा खर्च आहे, असे त्यांनी विचारले आहे.

मी बावीस वर्षे औद्योगिक डिझाइनचे काम करते आहे आणि त्यातले बहुतेक छत्रपती संभाजीनगरकडचे वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि जालना या पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी केले आहे. उत्तर थोडे लांबेल, कारण हो किंवा नाही एवढे सांगून तुमचा निर्णय सोपा होणार नाही.

प्रथम शब्दाबद्दल. काका आणि पुतण्या दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते एकच शब्द दोन वेगळ्या कामांसाठी वापरत आहेत. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे उभे राहिले. या कारखान्यांकडे ग्राहक कंपनीचे ड्रॉइंग येत असे, आजही येते. भाग कोणता, मापे काय, धातू कोणता, हे सगळे त्यात ठरलेले असते. तो भाग दिलेल्या टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालेल एवढ्याच फरकात, दिलेल्या भावात आणि दिलेल्या तारखेला काढून देणे एवढे आपल्याकडे उरते. त्यासाठी डाय, मोल्ड (साचे), जिग, फिक्स्चर (काम करताना भाग पक्का धरणारी साधने) यांचे जे डिझाइन लागते ते आपल्या भागातली माणसे फार उत्तम करतात, आणि इंडो-जर्मन टूल रूममधून शिकून बाहेर पडलेल्या मुलांचा हात किती तयार असतो हे मी कामात नेहमी पाहते. त्यामुळे आपल्याकडे ‘डिझाइनवाला’ म्हणजे ड्रॉइंग काढणारा हाच अर्थ रुळला. मात्र कोणासाठी काय बनवायचे, हा निर्णय या सगळ्या काळात दुसऱ्या गावी, दुसऱ्या कोणीतरी घेतलेला असे. तुमचा कारखाना स्वतःच्या नावाने यंत्र विकतो, म्हणजे तो निर्णय आता तुमच्याच टेबलावर आहे. पुतण्या ज्या डिझाइनबद्दल बोलतो आहे, ते या निर्णयाचे काम आहे.

आता मूळ अडचणीकडे येते. तुम्ही नकलेची तक्रार केली आहे, पण मला त्याच्या आधीची एक गोष्ट खटकली. फण वाढवणे, पेटी मोठी करणे, रंग बदलणे हे तिन्ही निर्णय बाजारातले दुसरे यंत्र समोर ठेवून, कारखान्यात बसून घेता येतात. जे यंत्राकडे पाहून ठरवता येते, त्याची यंत्राकडे पाहून नक्कलही करता येते. याउलट एखादा बदल शेतात काय घडते हे समजून घेतल्यावर सुचलेला असेल, तर नक्कल करणाऱ्याच्या हाती वस्तू लागते, पण ती तशी का झाली हे लागत नाही, आणि म्हणून त्याच्या पुढचा बदल त्याला सुचत नाही. तो कायम तुमच्या एक हंगाम मागे राहतो. लहान कंपनीला एवढे अंतरही पुष्कळ असते.

तुमच्याच धंद्यातले उदाहरण घेऊ. बैलांच्या तिफणीला तीन फण असतात, वर चाडे, म्हणजे बी सोडायचे नरसाळे, असते आणि चाड्यातून प्रत्येक फणामागे एक नळी उतरते. मागून चालणारी बाई ओटीतले बी मुठीने चाड्यात सोडते. चाड्यावर मूठ धरणे हे कसबाचे काम मानले जाते, कारण बी दाट पडायचे की विरळ हे त्या मुठीवर ठरते. पण ती मूठ आणखी एक काम करत होती आणि त्याला कोणी नाव दिले नव्हते. एखादी नळी मातीने तुंबली की चाड्यात बी साचू लागते, ते तिच्या लगेच लक्षात येते, ती हाक मारते आणि बैल थांबतात. मग ट्रॅक्टरचे यंत्र आले. बी सोडण्याचे काम चकतीने घेतले आणि ते मुठीपेक्षा सारखे केले. लक्ष ठेवण्याचे काम मात्र कोणीच घेतले नाही. ट्रॅक्टर उभा असताना किंवा थोडा मागे घेताना यंत्र खाली टेकले की ओल्या काळ्या रानात फणाचे तोंड चिखलाने बंद होते. चालवणारा पुढे पाहत असतो, नळी लोखंडाची किंवा काळ्या रबराची असते, आणि आठ दिवसांनी उगवण दिसते तेव्हा एक अख्खी ओळ कोरी निघते. मग नांग्या भरत, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावत बसायचे. आज अनेक यंत्रांवर पारदर्शक नळ्या दिसतात. या बदलाला नवे तंत्रज्ञान लागले नाही, खर्चही नगण्य आहे. यंत्र येताना एक काम गळून पडले होते, हे कोणाच्या तरी लक्षात येणे एवढेच त्याला लागले. मी डिझाइन म्हणते ते मुख्यतः हे लक्षात येणे आणि त्याला वेळेवर आकार देणे. आणि नळी पारदर्शक झाली तरी पाहण्यासाठी कोणीतरी मागे वळावेच लागते, म्हणजे हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. तुमच्या पुढच्या मॉडेलसाठी तिथे जागा आहे.

प्रश्नाची मांडणी बदलली की उत्तर कसे बदलते, याचे आपल्या देशातले सर्वांत सुंदर उदाहरण मला जयपूर फूटचे वाटते. १९६८ मध्ये जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी हा कृत्रिम पाय विकसित केला. त्यापूर्वी मिळणारा पाश्चात्त्य पद्धतीचा पाय बुटात घालून वापरायचा होता. तो लावून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलातून अनवाणी चालता येत नसे, आणि म्हणून खेड्यातली माणसे तो काढून ठेवत. चांगला पाय कसा बनवायचा, असा प्रश्न धरून बसले असते तर तोच पाय अधिक टिकाऊ झाला असता. हा माणूस दिवसभरात कसा बसतो, कसा उठतो, कुठून चालतो, असा प्रश्न धरल्यामुळे रबराचा, लवचिक, अनवाणी वापरता येणारा पाय तयार झाला. त्यात एक डॉक्टर होता आणि एक हाताने वस्तू घडवणारा कारागीर होता. दोघांपैकी एकट्याने ते झाले असते असे मला वाटत नाही.

आता माझ्या कामातला एक अनुभव तपशिलाने सांगते, कारण कारखान्याच्या आत हे प्रत्यक्षात कसे घडते, कुठे अडते, हे त्यातून अधिक स्पष्ट होईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातली एक कंपनी बॅटरीवर चालणारे पाठीवरचे फवारणी पंप बनवत होती. विक्री जागच्या जागी थांबली होती. मालकांनी मला बोलावले तेव्हा मॉडेल जवळपास ठरलेले होते. १६ लिटरची टाकी २० लिटरची करायची, दोन रंग द्यायचे आणि पुढे मोठे नाव टाकायचे. मी चार दिवस मागितले आणि एकच अट घातली की माझ्यासोबत त्यांचा सर्व्हिसचा मेकॅनिक आणि मोल्डिंग पाहणारा सुपरवायझर, दोघेही शेतावर येतील. मालकांना ते पटले नव्हते, कारण सीझनमध्ये दोन कामाची माणसे चार दिवस बाहेर काढणे सोपे नसते. तरी त्यांनी पाठवले, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

आम्ही बदनापूर तालुक्यात कापसाच्या रानात उभे होतो. फवारणी पुरुष करत होता. त्याची बायको विहिरीवरून पाणी आणून ड्रममध्ये ओतत होती, काठीने औषध ढवळत होती आणि बादलीने पंप भरून देत होती. पंप भरला की त्याचे वजन वीस-बावीस किलो होते. बांधाजवळ असताना तो पंप बांधावर टेकवून, स्वतः खाली वाकून, पट्ट्यांत हात घालत होता. रानाच्या मधोमध बांध नव्हता. तिथे ती मागून दोन्ही हातांनी पंप उचलून त्याच्या पाठीला लावत होती आणि तो पट्टे अडकवेपर्यंत तोलून धरत होती. पकडायला पंपाला खाली काहीच नव्हते. टाकीचा बुड गुळगुळीत आणि ओला होता. ती तो छातीशी धरायची आणि तेवढ्या वेळात पंप कलला की झाकणाच्या हवेच्या छिद्रातून औषधाचे पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचे. एका एकराला दहा-बारा पंप लागतात. आम्ही मोजत होतो. प्रत्येक पंपाला हेच होत होते.

मी तिला विचारले की पंपात काय बदलले तर बरे होईल. ती म्हणाली, “ते त्यांना विचारा.” थोड्या वेळाने, हात धुताना, स्वतःच म्हणाली, “फवारा ते मारायलेत, पण उचलून द्यायला मीच लागते ना.”

परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मेकॅनिक म्हणाला की झाकण गळते अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि आपण वायसर बदलून देतो, पण गळती कलल्यावर होते हे आज पहिल्यांदा दिसले. कंपनीच्या कागदावर, जाहिरातीत, माहितीपत्रकात पंप वापरणारा एकच होता, पाठीवर पंप घेतलेला पुरुष. पंपाला दुसरा माणूस लागतो, तो बहुतेक वेळा बाई असते आणि औषध तिच्याच अंगावर सांडते, हे कोणत्याही ड्रॉइंगमध्ये नव्हते. २० लिटरची टाकी केली असती तर तिच्या हातातले वजन आणखी चार किलोंनी वाढले असते. आम्ही नवे मॉडेल काढून अडचण मोठी करून विकणार होतो.

त्यानंतरचे काम इंजिनिअरशिवाय झाले नसते, हेही सांगायला हवे. मी प्रथम टाकीच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंनी बोटे जातील अशी खोबण काढली. मोल्डिंगवाल्यांनी ती पाहताच नाकारली, आणि त्यांचे म्हणणे खरे होते, कारण ब्लो मोल्डिंगमध्ये, म्हणजे साच्यात हवेने फुगवून पोकळ वस्तू काढताना, अशा खोल कोपऱ्यात प्लॅस्टिक ताणले जाऊन भिंत पातळ पडते आणि नेमकी तिथेच टाकी फुटते. दोन दिवस वाद झाला. मग त्यांनीच सुचवले की टाकीला हात लावू नये, ज्या बैठकीत बॅटरी बसते ती वेगळी, इंजेक्शन मोल्डिंगची (वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून केलेली) असते, पकड तिला द्यावी. ते माझ्या कल्पनेपेक्षा चांगले होते, कारण पकड वजनाच्या सर्वांत खाली आली आणि बैठक रुंद केल्यामुळे पंप ढेकळांच्या रानातही स्वतःहून उभा राहू लागला. झाकणाच्या छिद्रात कलल्यावर बंद होणारी साधी झडप आली. तोंड रुंद केले आणि जाळी खोल केली, म्हणजे बादली ओतताना उडणारे पाणी आत राहील.

हे सगळे मोल्डला हात लावण्याआधी आम्ही पुठ्ठा, प्लायवूड आणि थर्माकोलमध्ये करून पाहिले. पहिला नमुना कुरूप होता. जुन्या पंपाच्या बुडाला प्लायवूडची बैठक ठोकली होती. तो घेऊन पुन्हा त्याच रानात गेलो, पंपात पाणी भरले आणि त्या बाईंना उचलायला सांगितले. पकड फार आत होती, बांगड्या अडकत होत्या. दुसऱ्या नमुन्यात ती बाहेर काढली. तिसऱ्यात तिची जाडी कमी केली. या तीन नमुन्यांचा एकूण खर्च काही हजारांत होता. बांगड्या अडकतात हे मोल्ड झाल्यावर कळले असते तर दुरुस्ती लाखांत गेली असती, आणि खरे तर दुरुस्ती झालीच नसती. इतके पैसे घातल्यावर आपण लोकांना हातमोजे घाला असे सांगू लागतो.

टाकी १६ लिटरचीच राहिली. पहिल्या हंगामात डीलर नाराज होते, कारण दुकानात ठेवल्यावर पंप जुन्यासारखाच दिसत होता. दुसऱ्या हंगामापासून गावागावांतून त्याच पंपाची विचारणा सुरू झाली आणि झाकणाच्या तक्रारी जवळपास थांबल्या. नक्कलही झाली. एकाने पकड घेतली, पण टाकीला घेतली, आणि त्यांच्या टाक्या कोपऱ्यात फुटू लागल्या.

इथवरचे थोडक्यात मांडायचे तर डिझाइनने या कामात तीन गोष्टी केल्या. टाकी मोठी करण्याचा चुकीचा प्रश्न वेळेवर बाजूला काढला. चुका स्वस्त होत्या तोवर करून घेतल्या. आणि मेकॅनिक, मोल्डिंगवाले, मालक, जे एरवी एकमेकांच्या खात्याच्या तक्रारीच सांगत, त्यांना एका वस्तूभोवती बसवले. यातले तिसरे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण सर्व्हिसच्या माणसाला जे माहीत असते ते ड्रॉइंगपर्यंत पोहोचण्याची वाटच बहुतेक कारखान्यांत नसते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण माझा अनुभव सगळीकडे जसाच्या तसा लागू होणार नाही.

डेन्मार्कच्या डिझाइन सेंटरने कंपन्या डिझाइनचा उपयोग कितपत करतात हे मोजण्यासाठी चार पायऱ्यांची एक शिडी मांडली आहे. पहिल्या पायरीवर डिझाइनचा जाणीवपूर्वक विचारच नसतो. दुसऱ्या पायरीवर ते शेवटी रूप देण्यापुरते असते. तिसऱ्यावर ते वस्तू घडवण्याच्या कामात सुरुवातीपासून असते. चौथ्यावर कंपनीने कोणत्या धंद्यात जावे हे ठरवण्यातही त्याचा सहभाग असतो. काका ज्याला सजावटीचा खर्च म्हणतात ती दुसरी पायरी आहे, आणि त्या पायरीपुरते त्यांचे म्हणणे मी नाकारणार नाही. तुम्हाला तिसरी पायरी गाठायची आहे. चौथीचा विचार आज करू नका. पूर्णपणे ग्राहकाच्या ड्रॉइंगवर काम करणाऱ्या जॉबवर्कच्या कारखान्याने तर बाहेरचा डिझाइनर नेमण्याआधी स्वतःच्या फिक्स्चर, ट्रॉल्या आणि पॅकिंगकडे याच नजरेने पाहावे. तिथे ऑपरेटर हाच वापरणारा असतो आणि तो रोज समोर उभा असतो.

चांगले डिझाइन असूनही वस्तू अपेक्षेप्रमाणे न चालण्याची उदाहरणे आहेत. गोदरेजने ग्रामीण घरांसाठी छोटूकूल नावाचा लहान शीतपेटीसारखा फ्रिज काढला. कॉम्प्रेसरऐवजी थर्मोइलेक्ट्रिक पद्धत, वरून उघडणारे झाकण म्हणजे गारवा बाहेर पडू नये, वीज नसेल तर बॅटरीवर चालण्याची सोय, आणि हे सगळे खेड्यातल्या स्त्रियांशी बोलून ठरवलेले. वापराचा अभ्यास मनापासून केलेला होता. तरी ज्या घरांसाठी तो होता त्यांच्यात तो फारसा रुजला नाही आणि पुढे वेगळ्या, शहरी ग्राहकाकडे वळवावा लागला. घरात एखादी मोठी वस्तू घेताना माणूस तिच्या उपयोगाइतकेच तिला चारचौघांत काय मोल आहे हेही पाहतो. वापर पाहून हे नेहमी कळतेच असे नाही.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगते. एका हातकोळप्यासाठी मी पात्याची उंची बदलण्याची फार सुटसुटीत रचना केली होती आणि ती दिसायला स्वच्छ राहावी म्हणून ॲलन कीचे, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेले, बोल्ट वापरले. शेतकऱ्याच्या घरी १२-१३ चा पाना असतो, ॲलन की नसते. सोबत दिलेली की पहिल्या पंधरा दिवसांत हरवली आणि पुढे ती कोळपी एकाच उंचीवर चालत राहिली. मी वापरणारा पाहिला होता, त्याचे पान्यांचे डबडे पाहिले नव्हते. म्हणून आता दुरुस्ती कोण करणार, कोणत्या हत्याराने, आणि सुटा भाग किती अंतरावर मिळतो, हे मी पहिल्याच भेटीत लिहून घेते. तुमच्या यंत्राच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचे आहे, कारण पेरणीच्या वापशाचे, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल असण्याचे, दिवस मोजके असतात आणि त्या दिवसांत एक बेअरिंग मिळाले नाही तर तुमच्या सगळ्या डिझाइनला काही अर्थ उरत नाही.

डिझाइनरला अधिकार किती द्यायचा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण यश बहुतेक वेळा तिथेच ठरते. त्याला विक्री खात्याखाली ठेवले की तो स्टिकर करत राहतो. उत्पादनाखाली ठेवले की असलेल्या मोल्डमध्ये बसेल तेवढेच सुचवतो. निर्णय घेणाऱ्या माणसाशी त्याचे थेट बोलणे हवे, आणि शेतावर जे दिसले त्यामुळे ठरलेले मॉडेल थांबवण्याची मालकाची तयारी हवी. ती तयारी नसेल तर डिझाइनर नेमू नका, दोघांचाही वेळ जाईल. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने २०१८ मध्ये ३०० कंपन्यांच्या पाच वर्षांच्या कारभारावर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला, आणि डिझाइनमध्ये वरच्या गटात असलेल्या कंपन्यांची उत्पन्नवाढ इतरांपेक्षा बरीच जास्त आढळली. तो आकडा दाखवून तुम्हाला कोणी काही विकू लागले तर जरा थांबा, कारण आधीच चांगल्या चालणाऱ्या कंपन्या डिझाइनवर अधिक खर्च करू शकतात, हेही तितकेच खरे आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट उपयोगी वाटते. त्या कंपन्यांत डिझाइन एका खात्यात कोंडलेले नव्हते आणि वरिष्ठ त्याची दखल विक्रीच्या आकड्यांइतक्याच गांभीर्याने घेत होते.

तुम्ही काय करावे, ते आता सांगते. कायमचा पगार लगेच सुरू करू नका. एक यंत्र निवडा आणि एका हंगामाचे काम ठरवून द्या. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये आणि मुंबईच्या आयआयटीतले डिझाइन केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. तिथून बाहेर पडलेली आणि स्वतंत्र काम करणारी माणसे तुम्हाला मिळतील. मात्र त्यांचे जुने काम पाहताना चित्रांवर जाऊ नका. एखाद्या कामात आधी काय ठरले होते आणि पाहणीनंतर काय बदलले, हे विचारा. ज्याला याचे उत्तर देता येत नाही, तो तुमच्यासाठी रंगच बदलेल. शुल्क टप्प्यांत ठरवा: पाहणी, नमुने, अंतिम ड्रॉइंग. पहिल्या टप्प्यानंतर थांबण्याची मुभा दोन्ही बाजूंना ठेवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अवजारांवर काम करणारी मंडळी आहेत, त्यांच्याशी सुरुवातीलाच बोला, कारण आपल्या जमिनीत फणाला किती ओढ बसते यासारख्या गोष्टी त्यांनी मोजलेल्या असतात आणि त्या तुम्ही पुन्हा मोजण्याचे कारण नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी केंद्र सरकारची डिझाइनच्या खर्चात वाटा उचलणारी योजना आहे. तिच्या चालू अटी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

आणि ड्रॉइंग काढणाऱ्या मुलाला या कामात पहिल्या दिवसापासून घ्या. त्याला पेरणीच्या दिवसांत तीन-चार वेगवेगळ्या रानांत पाठवा, एखादे तुमच्या यंत्राचे, एखादे दुसऱ्या कंपनीच्या यंत्राचे. त्याने यंत्र पाहू नये, यंत्राभोवतीची माणसे पाहावीत. बी कोण भरते, पोते किती उंच उचलावे लागते, ट्रॅक्टरवाला किती वेळा मागे पाहतो, उतरून काय करतो, तार, चिंधी, खिळा असा कोणता घरगुती उपाय यंत्राला जोडलेला आहे. शेतकऱ्याने स्वतः जोडलेली तार म्हणजे त्याने तुमच्या यंत्रात केलेली दुरुस्ती असते, आणि मी ती दिसली की सर्वांत आधी तिचा फोटो घेते. काकांनीही एखाद्या दिवशी सोबत जावे. मला वाटते त्यांना तिथे जे दिसेल ते आम्हा कोणाला दिसणार नाही.

नकलेबद्दलही सांगायला हवे, कारण तुमचा प्रश्न तिथूनच सुरू झाला होता. डिझाइन कायदा, २००० नुसार वस्तूचे बाह्य रूप, म्हणजे आकार, ठेवण, नक्षी, नोंदवता येते. संरक्षण १० वर्षांचे असते आणि ते आणखी ५ वर्षे वाढवता येते. यंत्र कसे चालते याला या नोंदणीने संरक्षण मिळत नाही. रचनेत खरोखर नवा शोध असेल तर त्यासाठी पेटंट घ्यावे लागते आणि त्याची मुदत २० वर्षे असते. दोन्हींत मोठी अट ही की अर्ज करण्यापूर्वी ती गोष्ट लोकांसमोर आलेली नसावी. आपल्याकडे नेमके उलटे होते. यंत्र आधी कृषी प्रदर्शनात मांडले जाते, त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, ऑर्डरी येऊ लागतात आणि मग कोणीतरी नोंदणीची आठवण काढतो. प्रदर्शनासाठी कायद्यात सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आणि, डिझाइन नोंदणीच्या बाबतीत, आगाऊ सूचना देण्याच्या अटीवर आहे. गावच्या प्रदर्शनाला ती लागू होईल असे धरून चालू नका. पुढचे मॉडेल प्रदर्शनासाठी ट्रॉलीत चढवण्याआधी अर्ज दाखल झाल्याची पावती तुमच्या फाइलला लागलेली असू द्या.